गॅसपाशी उभं न राहता भात

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर बोलायला गेलो की बाबांना निम्मं ऐकू येत नाही, आणि आई "बरं बरं, बघू" म्हणत विषय पावसावर नेते. म्हणून कागदावर लिहितोय. दोघं एकत्र बसून वाचा. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, म्हणजे आईला भाजी निवडता निवडता ऐकता येईल.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आई फळीवरून साखरेचा डबा काढत होती, तेव्हा मागे पालथा घातलेला कुकरचा डबा दिसला. बुडापासून अर्ध्यापर्यंत काळानिळा. विचारलं तर म्हणालीस, "जुनाच आहे रे तो." आई, मे महिन्यात मी त्याच डब्यातून भात वाढून घेतला होता. लखलखीत होता. मग शेजारच्या काकूंना फोन केला तेव्हा खरं कळलं. (त्यांच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.) कुकर लावून तू मागीलदारी अळू काढायला गेलीस, पावसाची सर आली, पत्र्यावरच्या आवाजात शिट्ट्या काही ऐकू आल्या नाहीत. बाबा पडवीत, आणि कानातलं यंत्र आत टेबलावर. पाणी आटलं, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, तेव्हा जळका वास बाहेर आला.

यात तुमच्यापैकी कोणाचीच चूक नाही. चाळीस वर्षं आईने तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला, एकदाही चुकली नाही. पण आता बाबांच्या कानाला शिट्टी लागत नाही आणि आईला तासभर ओट्यापाशी उभं राहवत नाही. अशा घरात रोजचा भात शिट्टीवर ठेवणं मला बरोबर वाटत नाही. माझी एकच विनंती आहे : विजेवरचा भाताचा कुकर घ्या. पैसे मी पाठवतो, पण घ्यायचा तुम्ही, बघून, हात लावून.

इथे टोकियोत मी आठ वर्षं रोज त्यावरच भात लावतोय. आमच्या निशी-कासाईत मराठी घरं बरीच आहेत, आणि भाजी-आमटीची रीत प्रत्येकाची वेगळी असली तरी भाताला हेच यंत्र. माझाच एखादा घेऊन आलो असतो, पण त्याच्या बुडाशी लिहिलंय १०० व्होल्ट. जपानची वीज तेवढीच. आपल्याकडे २३०. तो देवरूखला लावला तर जळून जाईल. म्हणून कोणी "जपानहून आणलाय" म्हणून देऊ केला तरी घेऊ नका.

आई, तुझा यंत्रांवर विश्वास नाही हे मला माहीत आहे. "भात शिजला की नाही ते त्या डब्याला काय कळणार?" असं तू म्हणशीलच. तर त्याला कसं कळतं ते ऐक, फार सुंदर आहे. भांड्यात पाणी आहे तोवर बुडाचं तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं, कितीही उकळलं तरी. तांदळाने पाणी पिऊन संपवलं की बूड झपकन शंभराच्या वर जातं. कुकरच्या आत, भांड्याखाली, विजेवर तापणारा एक तवा असतो. त्याच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली एक गोल टिकली असते, ती भांड्याच्या बुडाला टेकलेली असते. तिच्या आत लोहचुंबक आणि त्याला धरून ठेवणारा एक खास तुकडा असतो. शंभराच्या थोडं वर गेलं की त्या तुकड्याची चुंबकाला धरण्याची ताकद जाते, स्प्रिंग सुटते आणि खटका पडतो. टक्! यात घड्याळ नाही की शिट्टी नाही. भातातलं पाणी आटणं हाच इशारा. तू झाकणावर कान ठेवून चरचर ऐकायचीस आणि "आटलं हं" म्हणायचीस, तेच ते.

आणि हे कोणी शोधलं माहीत आहे? असा आपोआप बंद होणारा पहिला कुकर जपानात तोशिबा कंपनीने १९५५च्या डिसेंबरात बाजारात आणला. तो बनवला टोकियोत छोटा कारखाना चालवणाऱ्या मिनामी योशितादा या गृहस्थांनी. पण भात शिजवून शिजवून, किती पाणी, किती आच, किती वेळ याच्या नोंदी घेण्याचं खरं काम केलं त्यांच्या बायकोने, फुमिकोने. घरातलं सगळं सांभाळून वर्षानुवर्षं. त्यांच्या कुकरमध्ये दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यातलं मोजकं पाणी वीसेक मिनिटांत उडून जाई आणि मग वीज बंद होई. चुंबकाची युक्ती नंतरची. इथल्या आज्यांची एक म्हण आहे : सुरुवातीला मंद, मध्ये भडक आणि बाळ रडलं तरी झाकण काढू नको. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला आपली आजीच आठवली. वैलावर तोप चढवून "झाकण उघडशील तर बघ" म्हणणारी.

आता घ्यायचा कोणता. दोघांच्या घराला एक लिटरचा पुरे. दुकानदार १.८ लिटरचा गळ्यात मारेल, "पाहुणे आले तर" म्हणेल, पण मोठ्या भांड्यात एक वाटी तांदूळ पातळ पसरतात, वर कोरडे राहतात आणि खाली खरपुडी धरते. पाहुणे गणपतीत येतात, त्यांना मोठा तोप आहेच. बटणांची रांग असलेला घेऊ नका. एकच खटका, वर-खाली होणारा, आणि दोन वेगळे दिवे : एक शिजताना लागणारा, एक गरम ठेवताना. ही दिव्यांची गोष्ट बाबांसाठी. खटक्याचा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही, पण दिवा बदललेला पडवीतून मान वळवून दिसेल. झाकण काचेचं सुटं नको, त्यातून पेजेचे शिंतोडे ओट्यावर उडतात. बिजागरीचं, घट्ट बसणारं बघा. आतलं भांडं दुकानात हातात घेऊन उचला. आई, तुझ्या मनगटाला झेपलं पाहिजे. तुझा पाच लिटरचा कुकर पाण्या-डब्यांसकट उचलताना तू ओठ दाबतेस ते मी पाहिलंय. असा साधा कुकर दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो. गावातल्या दुकानातूनच घ्या, काही बिघडलं तर डबा घेऊन जाता येईल.

त्याला साधारण साडेचारशे ते सातशे वॉट लागतात, तेव्हा घरातल्या नेहमीच्या तीन पिनांच्या प्लगवर चालतो. एकदाच्या भाताला पाव युनिटच्या आसपास वीज. मात्र एक्स्टेंशनच्या वायरीवर लावू नका, आणि इन्व्हर्टरवर तर अजिबात नको. पावसाळ्यात मध्येच लाइट गेली तर घाबरू नका. या साध्या प्रकारात खटका खालीच राहतो, लाइट आली की पुढे शिजायला लागतं. अर्ध्या तासात नाही आली तर गॅसवर तोपात काढून पूर्ण करा.

आता वापरायची रीत. तांदूळ वेगळ्या पातेल्यात धुवा, आतल्या भांड्याला ओरखडे नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं : भांडं आत ठेवण्याआधी त्याचं बूड बाहेरून फडक्याने कोरडं पुसायचं आणि तव्यावर एखादं शीत पडलेलं नाही ना ते बघायचं. पहिल्या वर्षी माझा भात दर दोन दिवसांनी कच्चा राहायचा. यंत्रच खराब आहे म्हणून परत करायला निघालो होतो. मग एकदा तवा नीट पाहिला. त्या टिकलीच्या कडेला एक वाळलेलं शीत चिकटलं होतं, पार तपकिरी झालेलं. भांडं तेवढंच तिरकं बसत होतं. नखाने ते शीत काढलं आणि त्या रात्री भात मोगऱ्यासारखा फुलला. त्या दिवसापासून भांडं ठेवलं की डावी-उजवीकडे जरा फिरवून बसवतो. तूही तसंच कर.

पाण्याचं तू मला शिकवायचं, पण या यंत्रात थोडा फरक पडतो. जुन्या कोलमला एका मापाला दोन मापं पाणी. इंद्रायणी घेतलात तर दीड-पावणेदोन, नाहीतर लगदा होतो. नव्या तांदळाला आणखी हात आखडता. सोबत येणारं माप साधारण १८० मिलीचं असतं, त्यात दीडशे ग्रॅम तांदूळ मावतात. आतल्या रेघा त्या मापाच्या असतात, आपल्या वाटीच्या नाहीत. बोटाच्या पेरावर मोजायचं असेल तरी हरकत नाही, चार दिवसांत अंदाज येईल. खटका पडल्यावर लगेच झाकण उघडायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं वाफ जिरू दे, मग लाकडी डावाने हलक्या हाताने मोकळा कर. स्टीलचा कालथा त्या भांड्यात घालू नकोस.

बाबांच्या पेजेचं मात्र खरं सांगतो. उकड्या तांदळाची पेज यात होते, पण पाणी आटत नाही म्हणून खटकाही पडत नाही, स्वतः बंद करावा लागतो, आणि भांडं एक तृतीयांशाच्या वर भरलं तर उतू जातं. म्हणून पेज यात नकोच. सकाळी कामाच्या मावशी असताना गॅसवर करा. तुरीचं वरणही तेव्हाच, प्रेशर कुकरमध्ये, कारण दाबाशिवाय तूरडाळ गळायला फार वेळ लागतो. मुगाची खिचडी मात्र यात फार छान होते, हिंग-हळद-तूप घालून लावायची आणि निवांत बसायचं. रात्री गुरगुट्या भात हवा असेल तर अर्धं माप पाणी जास्त.

शिजल्यावर यंत्र भात गरम ठेवतं. दुपारचा भात चार तास तसाच राहिला तर चालेल, पण बटण बंद करून तो रात्रीपर्यंत झाकून ठेवू नका. तांदळात काही जंतूंची बीजं असतात, ती उकळूनही मरत नाहीत, आणि आपल्या दमट हवेत कोमट भातात पटकन वाढतात. उरलेला भात थोडा निवला की फ्रीजमध्ये. सकाळी फोडणीचा भात होईलच, बाबांना तोच जास्त आवडतो.

प्रेशर कुकर फेकून द्या असं मी म्हणत नाही. फक्त तुम्ही दोघंच घरात असाल तेव्हा तो गॅसवर चढू नये. एवढं माझं ऐका.

या आठवड्यात दुकानात जा. रविवारी पहिला भात लावाल तेव्हा मला व्हिडिओ कॉल करा, फोन कुकरसमोर डब्याला टेकवून ठेवा. तुमचे साडेबारा म्हणजे माझे चार, मी घरीच असेन. बाबांनी दिव्याकडे बघायचं, मी आवाजाकडे कान देतो. सोबत कुळथाची पिठी कर, आई. मीही इथे तीच करतो.

तुमचा,
बाळू