मंदीत आधी माणसं सांभाळा, रूमचे रेट नंतर बघू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्रकिनाऱ्यावरच्या एखाद्या प्रसिद्ध ठिकाणी मंदी आली की बातमी ठरलेली असते, हॉटेलं रिकामी, रेट निम्म्यावर, जायचं तर हीच वेळ. वाचणाऱ्याला ऑफर दिसते आणि ते साहजिकच आहे, पण त्या निम्म्या रेटपायी कोणाचा पगार बंद झाला हे कुठेच छापून येत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, मंदीतून तेच ठिकाण नीट बाहेर पडतं जे आपली कामाची माणसं धरून ठेवतं, डिस्काउंटचा नंबर त्यानंतर येतो.

आधी डिस्काउंटचंच बघू. एका हॉटेलने रेट पाडला की शेजारचा त्याहून खाली जातो, आणि बघता बघता अख्खा किनारा स्वस्त होतो, पण गिऱ्हाईक तेवढंच राहतं. कारण बऱ्याच वेळा लोक महाग आहे म्हणून यायचे थांबलेले नसतात. इजिप्तमधलं शर्म अल शेख हे किनाऱ्यावरचं पर्यटनाचं गाव घ्या. ३१ ऑक्टोबर २०१५ ला तिथून उडालेलं रशियन विमान सिनाईवर पडलं, २२४ लोक गेले, त्यानंतर रशियाने इजिप्तला जाणारी आपली विमानंच बंद केली आणि ब्रिटनने शर्मला जाणारी. ब्रिटनने बंदी उठवली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि लाल समुद्रावरच्या रिसॉर्ट्सना रशियाची थेट विमानं परत मिळाली २०२१ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे ज्या दोन देशांच्या पर्यटकांवर ते गाव मुख्यतः चालायचं त्यांच्यासाठी वाटच बंद होती, मग रूम फुकट दिली तरी माणूस येणार कसा? भीती, बंद विमानं, वादळ, अस्वच्छ किनारा, लोकांच्या खिशातला पैसाच आटणं, या प्रत्येकावर उपाय वेगळा लागतो, आणि रेट पाडणं त्यातल्या फार तर एकावर चालतं.

रेट पडला की पैसे वाचवायला पहिला हात जातो स्टाफवर. त्यातही आधी सुटतात हाउसकीपिंगवाल्या बायका, माळी, लाइफगार्ड, कंत्राटावरचे इलेक्ट्रिशियन. आता समुद्राकाठच्या हॉटेलात ही माणसं चार महिने नसली की काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको. खाऱ्या हवेने एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी खाल्लेली असते, बाल्कनीच्या रेलिंगला हात लावला की गंजाचे पापुद्रे निघतात, बंद खोलीतल्या गाद्यांना आणि पडद्यांना बुरशीचा वास लागतो, स्विमिंग पूलचा पंप बंद राहिला की पाणी हिरवं होतं आणि टाइल्समधलं शेवाळ घासून काढायला आठवडा जातो. मग सीझन परत सुरू होतो तेव्हा नवखी पोरं आणून उभी करतात, पर्यटक वैतागतो, खराब रिव्ह्यू टाकतो, आणि मंदी संपली असती ती पुढच्या वर्षात ओढली जाते. जुना स्टाफ तोवर दुसऱ्या धंद्यात लागलेला असतो. कोविडनंतर २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात हे सगळ्यांनी बघितलं, मागणी धो धो परत आली पण हॉटेलात आणि विमानतळांवर माणसंच नव्हती, आम्स्टरडॅमच्या विमानतळाला तर रोजच्या प्रवाशांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली.

यावर सगळ्यात शहाणपणाची सोय मला स्पेनची वाटते. तिथे सीझनच्या कामगारांसाठी वेगळ्या प्रकारचा कायम करार आहे, म्हणजे काम वर्षातले काही महिनेच पण नोकरी पक्की, सीझन सुरू झाला की मालकाने त्याच माणसाला परत बोलवायचं, नाही बोलवलं तर ती नोकरीवरून काढल्याची केस होऊ शकते, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांत अटी पूर्ण असतील तर बेकारी भत्ता मिळतो. २०२१ च्या शेवटी कायदा बदलला तेव्हापासून हा करार आणखी पसरला. दुसरी गोष्ट, १९८५ पासून तिथलं सरकार पेन्शनरांना ऑफ सीझनमध्ये किनाऱ्यावरच्या हॉटेलात सवलतीत सुट्टीला पाठवतं, खर्चाचा काही भाग सरकारचा आणि बाकीचा त्या आजी-आजोबांचा. बेनिडॉर्मसारख्या ठिकाणी हिवाळ्यात हॉटेलं चालू राहतात त्यात या योजनेचा मोठा वाटा आहे. हॉटेलवाले कुरकुर करतात की यात मार्जिन फार कमी आहे, त्यांचंही खरं असेल, पण किचन चालू राहतं, स्टाफला पगार मिळतो, पंप फिरत राहतात. म्हातारी माणसं थंडीत समुद्र बघतात ते वेगळंच. मला ही योजना मनापासून आवडते.

जिथे अशी सोय नाही तिथे लोक आपलं आपण बघतात. बालीत २०१९ मध्ये परदेशी पर्यटक ६२ लाखांच्या वर आले होते, आणि २०२१ च्या पूर्ण वर्षात थेट बालीत उतरलेले परदेशी पर्यटक शंभरसुद्धा नव्हते. २०२० मध्ये बेटाची अर्थव्यवस्था नऊ टक्क्यांहून जास्त आकसली. तेव्हा बालीला लागूनच असलेल्या लेंबोंगान बेटावर लोक परत समुद्री शेवाळाच्या शेतीकडे वळले, जी त्यांनी पर्यटनापायी सोडली होती. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरायचं, दोरीला शेवाळाचे छोटे तुकडे बांधायचे, वाढले की काढून उन्हात पसरायचे, आणि ते वाळलेलं शेवाळ जातं टूथपेस्ट, आइस्क्रीम वगैरेंच्या कारखान्यांना लागणारा घट्टपणाचा पदार्थ बनवायला. काल रूम सर्व्हिस देणारा मुलगा आज दोऱ्या बांधतोय, यात कमीपणा काहीच नाही, पण हे जमलं कारण ते काम येणारी आई-आजी घरात होती आणि किनाऱ्याचा तो तुकडा अजून सिमेंटखाली गेला नव्हता. पर्यटन जोरात असतानाच जिथे शेतं, होड्या, जाळी सगळं विकून हॉटेलं बांधली जातात तिथे वाईट काळात परत जायला जागाच उरत नाही.

एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहण्याबद्दल फार लिहीत नाही, शर्मचं उदाहरण वर दिलंच आहे. मालदीवने मात्र एकावरच अवलंबून न राहणं जमवून दाखवलं. २०२३ मध्ये तिथे जाणाऱ्यांत भारतीय पहिल्या नंबरवर होते, दोन लाखांच्या वर, २०२४ मध्ये आपल्याकडे मालदीववर नाराजी झाली आणि तो आकडा खूप घसरला, तरी त्या वर्षी त्यांचे एकूण पर्यटक २० लाखांच्या वर गेले कारण चीन, रशिया, ब्रिटन, इटली, जर्मनी सगळीकडून लोक येत होते. आणि फक्त देश नाही, कंपनीचंही तेच असतं, सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक ही जुनी ब्रिटिश टूर कंपनी बुडाली तेव्हा ट्युनिशिया, तुर्कस्तान, ग्रीस, स्पेनमधल्या हॉटेलवाल्यांची येणी अडकली. ज्यांची बहुतेक बुकिंग तिच्याकडूनच यायची त्यांचे हाल विचारू नका.

मंदीत सरकारं हॉटेलमालकांना मदत देतात, टॅक्समध्ये सूट, स्वस्त कर्ज, जाहिरातीला पैसे. द्यावी, माझा विरोध नाही, मालकाच्याही डोक्यावर हप्ते असतात. पण ती मदत पगारपत्रक बघून द्यावी. स्पेनने कोविडमध्ये हेच केलं, घरी बसलेल्या कामगाराच्या पगाराचा मोठा भाग सरकारने दिला आणि मालकाला सामाजिक सुरक्षेच्या हप्त्यात सूट मिळाली, पण अट अशी होती की काम परत सुरू झाल्यावर निदान सहा महिने माणूस काढायचा नाही, काढला तर सूट परत करायची. आणि संपादक साहेब, तुमच्या बातमीदारांनाही एक विनंती आहे, पुढच्या वेळी रिकाम्या किनाऱ्याची बातमी करताना रूमचे रेट छापाच, पण गेल्या सीझनला तिथे कामाला किती लोक होते आणि आज किती उरलेत हेही विचारून छापा.

आपला,
एक नियमित वाचक