आत्या, भाकरी कोण नेत होतं?

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवील. जिथे तुमचं कौतुक आहे तिथे तुम्ही 'बास कर आता' म्हणाल. त्याने थांबायचं नाही. जिथे तुम्ही मला झाडलंय तो भाग त्याने गाळायचाही नाही. चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की भावकीने मला जे ऐकवलं ते चारचौघांतच ऐकवलं होतं. मग आभार तेवढे स्वयंपाकघरात हळू आवाजात कशाला मानायचे?

मी माळ घातली 2022 च्या कार्तिकी वारीत, आळंदीला. त्याआधीचं दीड वर्ष घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पतसंस्थेत कॅशला बसून सतरा वर्षं झाली, त्यामुळे डोक्यातली मोजणी थांबत नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या, भाकऱ्या मोजायच्या, कोण कधी काय लागट बोललं तेही मोजून ठेवायचं. लॉकडाउनमध्ये शेजारच्या आजींचा हरिपाठ भिंतीपलीकडून ऐकू यायचा, रोज संध्याकाळी, सत्तावीसच्या सत्तावीस अभंग. ऐकता ऐकता पाठ झाला आणि मीही चुलीशी पुटपुटायला लागले. एके दिवशी टोपलं भरलं आणि लक्षात आलं, आज भाकऱ्या मोजल्याच नाहीत. एवढंच झालं. याहून मोठा साक्षात्कार मला झालेला नाही, अजूनही नाही.

पण एवढ्यासाठी माळ घालावीशी वाटली, आणि माळ म्हटली की मटण सुटलं. कोल्हापुरात म्हणजे बघा. इथे पाहुणा आला म्हणून मटण, पोरगं पास झालं म्हणून मटण, आणि काहीच घडलं नाही तर रविवार आहे म्हणून मटण. मामंजींचा पहिला प्रश्न देवाधर्माचा नव्हताच. 'तू शिवणार नाहीस, मग रस्सा करणार कोण?' ह्यांनी तर काही विचारलंच नाही, नुसते ताटावरून उठले. माहेरी आई रडली, 'हे काय वय आहे का गं? संसार मोडायचाय का?' जाऊबाई 'संत सूनबाई' म्हणायला लागल्या. पतसंस्थेत एकाने विचारलं, हिमालयाची रजा कधी टाकताय? या सगळ्यावर मी हसत होते असं कुणाला वाटत असेल तर ते खोटं आहे. मी प्रत्येकाचं वाक्य मोजून ठेवत होते. हरिपाठाने सुटलेली मोजणी माळेने परत आणली, आणि ते माझं मलाच कळत नव्हतं.

भाऊजींनी तर मोबाइलवर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा काढला आणि 'हे असले बुवा आत जातात' म्हणून सगळ्यांना दाखवला. कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा या गोष्टी त्याच कायद्यात शेवटी सरळ वगळलेल्या आहेत, तिथपर्यंत त्यांनी वाचलं नव्हतं. मी तेव्हा त्यांना फाडून खाल्लं. आज वाटतं, माणूस घाबरला होता. घरातली बाई अचानक बदलली तर मागे कुणीतरी महाराज असणार, पैसा जाणार, ही भीती आपल्याकडे उगाच आलेली नाही.

तुम्ही मात्र मोबाइल बघत बसला नाहीत. पुढच्या एकादशीला पदर डोक्यावरून घेऊन कीर्तनात पहिल्या रांगेत जाऊन बसलात. मी मागे टाळकऱ्यांच्या बाजूला होते, मला घाम फुटला. कीर्तन संपल्यावर लोक बुवांच्या पाया पडत होते आणि तुम्ही हात जोडून त्यांना विचारलंत, 'माळंचं किती घेता?' सगळे गप्प. बुवा हसले. म्हणाले, 'आजी, माळ ज्याची त्यानं आणायची. मी ती ज्ञानेश्वरीवर ठेवतो आणि गळ्यात घालतो. नारळ दिला तर घेतो.' 'आणि घर सोडून या म्हणून सांगता व्हय बायकांना?' 'घर सोडलं तर एकादशीचं फराळाचं कोण करणार आजी?' तुम्ही उठलात, गाडीवर माझ्या मागे बसलात आणि गंगावेशीपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मग म्हणालात, 'माणूस बरा हाय. तू बरी हाईस का ते बघाय पायजे.'

ते कळायला पुढचा रविवार उजाडावा लागला.

तुम्ही सकाळी आठलाच आलात, बुडाला पोचा आलेलं ते तुमचं जर्मलचं पातेलं काखेत घेऊन. मला ओट्यापासून हटवलंत. 'तू भाईर बस, तुझं काय असंल ते म्हण. मटण मी करतो.' (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्या आत्या अजून 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.) तुम्ही खोबरं भाजलंत, कांदा-लसूण चटणी टाकलीत, सगळी गल्ली जागी झाली. मी दार लावून घेतलं. मुद्दाम, आवाज करून. त्या दिवशी मी हरिपाठ इतक्या मोठ्याने म्हटला की त्यात विठ्ठलाला ऐकू जाण्यापेक्षा तुम्हाला ऐकू जाण्याचीच सोय जास्त होती.

जेवणं झाल्यावर पोरगा आत आला. तेव्हा तो पाचवीत होता. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि म्हटलं, जा, तोंड धुऊन ये, मग जवळ ये. तुम्ही दारात उभ्या होतात.

आत्या, तुम्ही काय बोललात ते मी शब्दाला शब्द लिहिते. 'माळ तुझ्या गळ्यात घातलीया, त्या पोराच्या ताटात कशाला घालतीस? इठोबानं तुला वास घ्यायला ठेवलीया व्हय?'

मी चिडले. इतकी, की तुम्हाला बहिणाबाईंची गोष्ट सांगायला बसले. ही साडेतीनशे वर्षांपूर्वीची संत बहिणाबाई. देवगावात जन्मलेली, लहानपणीच तीस वर्षांच्या बिजवराला दिलेली. फिरत फिरत ते कुटुंब आपल्याच कोल्हापुरात येऊन राहिलं होतं. इथे ती जयरामस्वामींच्या कीर्तनाला जायची, वासराला बरोबर घेऊन. नवऱ्याला कळलं तेव्हा त्याने तिला मार मार मारलं, बांधून घातलं. त्यात तिने गुरू मानला तुकोबांना, म्हणजे ब्राह्मणाच्या बायकोने कुणब्याला, मग तर बोलायलाच नको. हे सगळं तिने स्वतःच अभंगांत सांगून ठेवलंय. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, बघा, कुणी देवाच्या वाटेला लागलं की घरचेच आडवे येतात.

तुम्ही सुपारी कातरत ऐकलंत. मग विचारलंत, 'तुझ्या नवऱ्यानं कधी हात उगारलाय?'

'नाही.'

'मग तिच्या पंगतीला बसू नगं. तिनं सोसलंय, तू नुसती रुसलीयास.' आणि थोड्या वेळाने, 'तुकाराम डोंगरावर बसायचा. वर भाकरी कोण नेत होतं?'

'आवली.'

'तिला हसत्यात ना गं कीर्तनात? कजाग म्हणून?' तुम्ही अडकित्ता खाली ठेवलात. 'तुला बहिणाबाई व्हायचंय, हो बाई. पण आवली कुणाला करणार हाईस त्ये आधी ठरीव.'

त्या रात्री मला झोप लागली नाही. कीर्तनात आवलीवर मीही पोट धरून हसले होते. तिचं खरं नाव जिजाई, हेसुद्धा किती जणांना आठवतं? 1630 च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नाविना गेली, दुकानाचं दिवाळं निघालं. अशा घरात मागे राहिलेली बाई भाकरीवरून आरडाओरडा करणार नाही तर काय करणार? आणि एवढं ओरडूनही ती भंडाऱ्याचा डोंगर चढून भाकरी घेऊन जायचीच. आमच्या घरात माझ्या देवामागे कोण कोण डोंगर चढत होतं, ते मी त्या रात्री पहिल्यांदा मोजलं. हे मुकाट्याने पतसंस्थेजवळच्या खानावळीत जेवून यायचे, घरात तोंड नको म्हणून. पोरगा तुमच्याकडे लपून खायचा आणि माझ्याशी खोटं बोलायचा. माळ घालताना खोटं बोलणार नाही असं मी कबूल केलं होतं. खोटं पोरावर आलं.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, घरात करत जा, मला काही नाही. ते म्हणाले, बघू. तेवढंच.

वारीचं तुम्हाला मी सांगायलाच नको होतं, तुम्हीच काढलंत. 2020 आणि 2021 ला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, 2022 ला पायी वारी पुन्हा सुरू झाली, ती टीव्हीवर बघताना मी रडले होते म्हणे. पण वारी येते नेमकी शाळा सुरू व्हायच्या तोंडावर. दप्तर, गणवेश, वह्यांना कव्हरं, सहावीचा पहिला आठवडा, आणि आई गायब. पुन्हा सगळे बोलायला मोकळे. या वेळी मी उत्तरं दिली नाहीत, कारण या वेळी ते खरंच बोलत होते. तुम्ही पिशवी घेऊन आमच्याकडे राहायला आलात. म्हणालात, 'घराकडं मी बघतो. तू आळंदीपास्नं नगं, लोणंदपास्नं जा. निम्म्यात निम्मं पुण्य घे, निम्मं मला ठेव.'

लोणंद आपल्या रेल्वेच्या मार्गावर. स्टेशनवर सोडायला हे आले, बोलले काही नाहीत, गाडी हलताना खिडकीतून जखमेच्या पट्ट्यांचं पाकीट आत टाकलं. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं तेव्हा घोडा पळाला, लोक टापांखालची माती कपाळाला लावत होते आणि मी खाली बसून टाचेला पट्टी लावत होते. रिंगण मला दिसलंच नाही.

पण तरडगावच्या मुक्कामाला राहुटीत जे ऐकलं ते सांगायचंय. आम्ही वीसेक बायका, पाय चोळत पडलेल्या. परभणीकडच्या एका मावशींनी विचारलं, 'घरी कोण हाय माय?' मी म्हटलं, आत्यासासूबाई. त्या म्हणाल्या, माझी थोरली सून. पलीकडची म्हणाली, शेजारीण, तिची गाय मी दिवाळीत सांभाळते. एकेक सांगत गेली. कुणाची नणंद, कुणाची म्हातारी आई, एकीचा तर नवराच, भाकऱ्या शिकलेला. मावशी दोन्ही हात कानाला लावून अंधारात म्हणाल्या, 'माउली, समद्यांस्नी बरं ठिव.' आत्या, त्यात तुम्ही होतात. तुमचं नाव मी घेतलं होतं.

29 जूनला एकादशी. पदस्पर्शाची रांग बघूनच पाय दुखले, मी नामदेव पायरीला डोकं टेकलं आणि कळसाचं दर्शन घेतलं. तुम्हाला फोन लावला. 'काय म्हणाला इठोबा?' 'रांग मोठी होती आत्या, कळस बघितला.' 'मग ये आता. कव्हरं घालून झाल्यात, गणिताचं पुस्तक काय घावंना.'

अजून सगळं गोड झालेलं नाही. जाऊबाई अजून 'संत सूनबाई'च म्हणतात, आता मीही ओ देते. आई एकादशीला फोन करून 'काहीतरी खाल्लंस का' विचारते आणि 'साबुदाणा' म्हटलं की फोन ठेवते. मी अजून चिडते. परवाच एका खातेदारावर ओरडले, मग दिवसभर त्याचं तोंड आठवत राहिलं. तुम्ही माळ घातली नाहीत, घालणारही नाही. 'मला रस्सा सोडवत न्हाय' हे तुम्ही बुवांनाही सांगून आलात.

आणि हो. त्या पहिल्या रविवारी आणलेलं पातेलं आमच्याकडेच राहिलं होतं. इतके दिवस ते मी माळ्यावर ठेवलं होतं, शिवायचं नाही म्हणून. काल काढलं, चिंच लावून घासलं, बुडाचं काळं काही निघालं नाही. रविवारी हे मटण आणतायत. तुम्ही आठलाच या.

तुमची,
सूनबाई