बाय, घड्याळ घेण्याआधी हे वाच

केरी, सत्तरी
१७ जुलै

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

पाठीवर वजन घेऊन चालण्याच्या सरावासाठी, तुम्ही ज्याला रकिंग म्हणता त्यासाठी, जीपीएसचं घड्याळ हवं म्हणून तू पाठवलेल्या यादीतली तिन्ही घड्याळं मी दोन रात्री बसून नीट पाहिली. फोनवर बोलायला घेतलं की तुझं ‘हो बाबा, कळलं बाबा’ सुरू होतं आणि माझ्या मनातलं निम्मं राहून जातं. म्हणून लिहितोय.

मे महिन्यात तू आली होतीस तेव्हाची एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. पाठपिशवीत उकड्या तांदळाच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या घालून तू अंजुण्याच्या धरणापर्यंत जाऊन आलीस. सोप्यावर बसलीस तेव्हा खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ होते आणि बोटं अशी सुजली होती की आईची अंगठी साबण लावून काढावी लागली. पिशवीचे पट्टे खांद्यात रुतले आणि हात तासन्‌तास खाली लोंबत राहिले की असं होतं. त्या हातावर हे घड्याळ बसणार आहे, त्या बोटांनी ते चालवायचं आहे. मी निवड इथूनच सुरू करतो.

म्हणजे पट्टा चालता चालता एका हाताने सैल करता यायला हवा. भोकांचा सिलिकॉनचा पट्टा एक भोक सोडलं तर ढिला, नाही तर आवळ. वर घाम अडकून घामोळं येतं. विणलेला नायलॉनचा चिकटपट्टीवाला घे, हवा तेवढाच आवळता येतो आणि धुऊन लगेच वाळतो. घड्याळ मनगटावर हललं तर मागचा हिरवा दिवा नाडी चुकीची मोजतो, कधी कधी तर पावलांचाच ठेका नाडी म्हणून दाखवतो. खरी नाडी हवी असेल तर छातीचा पट्टा वेगळा घ्यावा लागेल. त्याचे पैसे मी देईन, कारण चढावर वजन घेऊन स्वतःला किती ताणायचं हे तुला अंदाजाने ठरवायला नको.

दुसरं, बटणं. तू पाठवलेल्यातलं चकचकीत पडद्याचं घड्याळ दिसायला सुंदर आहे, मान्य. पण पावसाचे थेंब पडले की स्पर्शाचा पडदा थेंबालाच बोट समजतो. परवा नळाखाली हात धरून मी माझ्या फोनवर तुझा नंबर लावायचा प्रयत्न केला, चार वेळा भलतंच उघडलं. पाच ठसठशीत बटणं असलेलं, न बघताही चालवता येईल असं घे. साधा, उन्हात जास्त स्पष्ट दिसणारा पडदा तुला पुरेल. तो बॅटरीही कमी खातो.

आता ती सुर्ल्याची गोष्ट, जी तुला मी अर्धीच सांगितली होती. तू दुसरीत होतीस. खाणीच्या सर्वेक्षणाच्या कामावरून आम्ही तिघे सुर्ल्याच्या वरच्या रानात हद्दीच्या खुणा बघायला गेलो होतो. ऑगस्ट महिना, दुपारी तीनलाच धुकं उतरलं. कंपनीने दिलेलं हातातलं जीपीएस यंत्र आम्हाला व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे दाखवत होतं आणि आम्ही तर अलीकडे उभे. उपग्रह वीस हजार किलोमीटर वर असतात, त्यांचा सिग्नल अगदी क्षीण असतो. स्थान काढायला निदान चार उपग्रह दिसावे लागतात. भिजलेल्या दाट पानांत तो आणखी क्षीण होतो, आणि कड्यावर आपटून आलेला सिग्नल लांबून फिरून आल्यामुळे यंत्राचा हिशेब चुकतो. थोड्या वेळाने यंत्राची बॅटरीही संपली. जादा बॅटऱ्या पिशवीत भिजल्या होत्या. त्या दिवशी आम्हाला वाचवलं माझ्या फील्डबुकने. जाताना प्रत्येक वळणावर दिशा आणि पावलं लिहिली होती, तीच उलटी वाचत आम्ही रस्त्याला लागलो. तोवर रात्रीचे साडेआठ झाले होते. तुझी आई दारात कंदील घेऊन उभी होती.

म्हणून तुझ्या घड्याळात मला दोन गोष्टी हव्यातच. एक, आलेल्या वाटेने परत नेण्याची सोय. निघताना नोंद सुरू करायची, मग घड्याळ तुझ्या पावलांची रेघ ठेवतं आणि तीच उलटी दाखवतं, माझ्या फील्डबुकासारखी. आणि दोन, दोन वारंवारतांवर सिग्नल घेणारा रिसीव्हर, म्हणजे नेहमीच्या एल-१ बरोबर एल-५ सुद्धा. आपटून आलेला सिग्नल ओळखून बाजूला काढायला एल-५ ची मोठी मदत होते. त्याने रान उघडं होत नाही, पण व्हाळाची बाजू बहुधा बरोबर येते.

बॅटरीचं नीट समजून घे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले दिवस हे नुसतं मनगटावर बांधून ठेवण्याचे असतात. तुला बघायचेत ते जीपीएस चालू असतानाचे तास, आणि तेही सगळे उपग्रह आणि दोन्ही वारंवारता वापरताना. सौर काचेच्या मोहात पडू नकोस. गार्मिन ही घड्याळं बनवणारी कंपनी आपल्या सौर घड्याळांचे आकडे रोज तीन तास पन्नास हजार लक्स, म्हणजे उघड्यावरच्या लख्ख उन्हासारखा, उजेड धरून सांगते. आषाढ-श्रावणात सत्तरीत असा उजेड कुठे सापडायचा? आणि घड्याळ बाहीखाली गेलं की तोही नाही.

उंचीचं एक सांगतो, कारण हे मी रोज बघतो. या घड्याळांत हवेच्या दाबावरून उंची काढतात. समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळाला वाटतं आपण सुमारे आठ मीटर वर चढलो. पावसाळी कमी दाबाचा पट्टा आला आणि दाब चार हेक्टोपास्कलने पडला, तर तू सोप्यावर चहा पीत असताना घड्याळ तुला तीसेक मीटर वर नेऊन ठेवेल. निघण्याआधी ज्या जागेची उंची माहीत आहे तिथे ती भरून घ्यायची सवय लाव. होकायंत्रही तसंच. खाणीत एक्स्कॅव्हेटरजवळ उभं राहिलं की सुई कशी भरकटते ते मी वर्षानुवर्षं बघितलंय. पुण्यात तू तांदळाऐवजी लोखंडी पाटा घालतेस म्हणालीस, तर होकायंत्र जुळवताना पिशवी दहा पावलं दूर ठेव.

‘टॅक्टिकल’, म्हणजे लष्करी धाटणीचं, या शब्दासाठी जास्तीचे पैसे देण्याआधी त्यात काय मिळतं ते बघ. रात्री बघायच्या दुर्बिणीतून पडदा दिसण्याची सोय, पॅराशूटच्या उडीचा हिशेब, एका बटणात सगळी माहिती पुसण्याची सोय. तू अजून सीडीएसचा, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी भरतीच्या परीक्षेचा, फॉर्म भरते आहेस, यातलं काहीच तुला आत्ता लागत नाही. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत निवड झाली की कोणती वस्तू चालते ते तिथलेच सांगतील, आणि ते सांगतील तेच करायचं. घड्याळाच्या जाहिरातीत ‘मिल-एसटीडी-८१०’ असं लिहिलेलं असतं, ती अमेरिकेच्या संरक्षण खात्याची चाचण्यांची पद्धत आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते बनवणाराच निवडतो. सैन्याने ते घड्याळ पसंत केलं, असा त्याचा अर्थ होत नाही.

ठिकाण लपवण्याची सोय मात्र मला महत्त्वाची वाटते, आणि ती साध्या घड्याळाच्या अ‍ॅपमध्येही असते. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या धावण्या-चालण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या नकाशावर जगभरातल्या लष्करी तळांच्या वाटा उजळलेल्या सापडल्या, कारण सैनिक धावताना नोंद उघडी ठेवत होते. तू पहाटे पाच वाजता एकटी निघतेस, रोज त्याच दारातून. तुझी नोंद फक्त तुलाच दिसेल असं ठेव आणि खोलीभोवतालचा भाग झाकून टाक. हे पहिल्याच दिवशी कर.

आणि एक गोष्ट अजिबात नको. दुबईहून मामा आणून देईल म्हणालीस ते उपग्रहावरून निरोप पाठवणारं घड्याळ. जीपीएस नुसतं ऐकतं, त्याला हरकत नाही. पण उपग्रहाकडे निरोप पाठवणारं यंत्र बाळगायला आपल्याकडे सरकारची परवानगी लागते. २०२४ च्या डिसेंबरात आपल्याच गोव्यात विमानतळावर एका कॅनडियन बाईंना गार्मिनचं तसलं यंत्र बॅगेत सापडलं म्हणून अडवलं होतं. मामाला मी कालच फोन करून नको म्हणून सांगितलं.

वजनाच्या नोंदीबद्दल तू विचारलंस. गार्मिनच्या नव्या काही घड्याळांत रकिंगची वेगळी नोंद आहे, पाठीवरचं वजन त्यात भरता येतं. चांगली सोय आहे, पण तेवढ्यासाठी महागडं घेऊ नकोस. पाठीवरचं वजन, वेग, चढ आणि पायाखालची जमीन धरून किती शक्ती लागते याचं सूत्र पँडॉल्फ नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सोबत्यांनी १९७७ मध्येच मांडलंय. त्यासाठी तुझी वही पुरे: तारीख, किलो, अंतर, वेळ, आणि खांदे कसे होते. वजन एकदम वाढवू नकोस. दहा किलो तुझ्या अंगलोटीला आत्ता पुष्कळ आहेत.

तर माझं मत, तुझ्या यादीतलं मधलं. पाच बटणांचं, साध्या पडद्याचं. फक्त त्याचा लहान आकार मिळतो का ते दुकानात विचार, मोठं तुझ्या मनगटाच्या हाडावर आपटेल आणि मनगट मागे वाकवलंस की रुतेल. काजूच्या बियांचे पैसे आलेत, त्यातले तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेत. आईला माहीत आहे.

चतुर्थीला येशील तेव्हा आपण दोघं धरणापर्यंत चालू, मीही पिशवीत तांदूळ घालतो. त्याआधी दोनदा मनगटाचं माप घे, एकदा सकाळी उठल्यावर आणि एकदा वजन घेऊन चालून आल्या आल्या. सुतळी गुंडाळून पट्टीवर मोज आणि दोन्ही आकडे मला कळव.

तुझे
बाबा