बसस्टँडवरची म्हातारी

ती. आई आणि बाबा,
शि. सा. न.

रविवारी फोनवर मी फार बोलले. "घर काढून टाका आणि इकडे या" हे वाक्य तोंडातून गेलं आणि बाबांनी फोन आईकडे दिला. आई, तू "भात लागतोय गं" म्हणून ठेवलास. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. त्या वेळी आपल्याकडे कसला भात लागतो, हे मलाही कळतं.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी एक जुनी गोष्ट पुन्हा पाहिली. २०१३ साली ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर न्यूयॉर्कला नाटक पाहिलं होतं, आठवतं? तिकिटाची किंमत ऐकून आई म्हणाली होती, एवढ्यात जत्रेला दोन दशावतार उभे राहिले असते. तेच ते, 'द ट्रिप टू बाउंटिफुल'. पुढच्या वर्षी त्यातल्याच मुख्य नटीला घेऊन त्याची टीव्हीसाठी फिल्म झाली, ती पाहिली. बाई म्हणजे सिसिली टायसन, अमेरिकेतली कृष्णवर्णीय अभिनेत्री.

गोष्ट एवढीशीच आहे. मिसेस वॉट्स ही म्हातारी ह्यूस्टन शहरात मुला-सुनेबरोबर छोट्याशा घरात राहते. देवाची गाणी गुणगुणते, त्याचा सुनेला त्रास. मरायच्या आधी एकदा बाउंटिफुल या आपल्या गावी जायचं, एवढंच तिच्या डोक्यात. पेन्शनचा चेक लपवून ती पळते. बसस्टँडवर ती 'ब्लेस्ड अश्युरन्स' हे चर्चमधलं गाणं म्हणायला लागते, आणि थिएटरात काय झालं सांगू? लोक गायला लागले. माझी मैत्रीणसुद्धा. ती कृष्णवर्णीय, लहानपणापासून दर रविवारी चर्चला जाणारी. कीर्तनात बुवांनी अभंग उचलला की मागची माणसं आपसूक टाळ धरतात, तसं. मला शब्द येत नव्हते, मी नुसती बसून राहिले.

सिसिली तेव्हा ८८ वर्षांची होती. त्याआधी ३० वर्षं ती ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या रंगभूमीवर, उभी राहिली नव्हती. त्या भूमिकेसाठी तिला टोनी हा नाटकातला मोठा पुरस्कार मिळाला. १९८५ साली या नाटकावरचा सिनेमा आला, त्यात जेराल्डीन पेज होती. तो पाहून सिसिली आपल्या एजंटाला म्हणाली होती म्हणे, मला अशी एक भूमिका मिळवून दे, मग मी निवृत्त होते. भूमिका मिळाली, पण बाई काही निवृत्त झाली नाही! दोन वर्षांनी ती जेम्स अर्ल जोन्स या नटाबरोबर 'द जिन गेम' या नाटकात उभी राहिली. वृद्धाश्रमात दोघं रमी खेळतात, डाव दर वेळी तीच जिंकते आणि तो भडकतो. बाबा, तुम्ही पत्ते आपटता ना, अगदी तसाच.

तिचे आईवडील कॅरिबियनमधल्या नेविस बेटावरून न्यूयॉर्कला आलेले. म्हणजे घर सोडून आलेल्यांची ही मुलगी. हार्लेममध्ये वाढली, रस्त्यावर पिशव्या विकल्या, मग टायपिस्टची नोकरी. नाटकात जाते म्हटल्यावर आईने घराबाहेर काढलं. चर्चवाल्या घरात नाटक-सिनेमा म्हणजे पाप. बाबा, दशावतारात सोंग घेतल्याबद्दल आजोबांनी तुमच्या कानाखाली वाजवली होती, तो प्रसंग तुम्ही हसत सांगता. तिची आई मात्र मुलीशी कितीतरी दिवस बोलली नव्हती.

या बाईने काम नाकारलंही पुष्कळ. कृष्णवर्णीयांना खाली पाहायला लावणाऱ्या भूमिका करणार नाही म्हटल्यावर काम थोडंच मिळणार. १९७२ च्या 'साउंडर'मधल्या शेतमजुराच्या बायकोसाठी ऑस्करचं नामांकन झालं. १९७४ साली टीव्हीवर तिने गुलामीत जन्मलेली जेन पिटमन केली, तरुणपणापासून ११० वर्षांपर्यंतची. शेवटी ती थकलेली बाई काठी टेकत, फक्त गोऱ्यांसाठी ठेवलेल्या नळाकडे चालत जाते आणि पाणी पिते. बस, एवढंच. आई, तू पाहिलंस तर पदर डोळ्यांना लावशील.

२०१८ साली मानाचा ऑस्कर मिळाला, २८ जानेवारी २०२१ ला ती गेली, ९६ व्या वर्षी. आत्मचरित्र येऊन दोनच दिवस झाले होते. इथे जवळच न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंजला तिच्या नावाची शाळा आहे, त्या बाजूला गेले की पाटी दिसते.

हे सगळं सांगतेय कारण २०१३ साली मी पूर्ण त्या म्हातारीच्या बाजूने होते. या वेळी माझी नजर तिच्या मुलावरच, लुडीवर. तो तिला न्यायला गाडी घेऊन येतो. पगार तुटपुंजा, कामावर वेळेत पोचायचंय, आणि त्या पडक्या घराकडे त्याला नीट पाहवतही नाही. तो वाईट नाही हो, बाबा. त्याला भीती वाटते.

बाउंटिफुलला त्या म्हातारीची जुनी मैत्रीणही उरलेली नसते, घराच्या भिंती ढासळलेल्या. तुमचं तसं नाही. पडवी सारवलेली आहे, शेजारची वहिनी रोज डोकावते. हे मला फोन ठेवल्यावर सुचलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय, तीन आठवडे. घराचा विषय मी काढणार नाही. पावसाआधी कौलं परतायला माणूस मिळाला का? नसला तर मी येईपर्यंत थांबा, बाबांनी स्वतः शिडीवर चढायचं नाही. विहिरीकडच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून घेऊ, मापं घेऊन ठेवा. आणि आई, गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते खरं कळव, "बरं आहे" नको.

तुमची,
बाबी