नमुना एक दाखवून दुसरीच कॅम्पर व्हॅन दिल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: कबूल केल्याप्रमाणे बॅटरी, प्लायवूड व नोंदणी न दिल्याबाबत

महोदय,

मी गुहागरचा रहिवासी, सेवानिवृत्त. तुमच्याकडून आम्ही छोटी कॅम्पर व्हॅन, म्हणजे आतच झोपण्याची आणि ओट्याची सोय असलेली गाडी, बांधून घेतली. पावती आणि तुमचे लेखी कोटेशन सोबत जोडले आहे.

छोटी गाडी आम्ही विचार करूनच निवडली. आमच्याकडे वाडीत शिरले की दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. समोरून टेम्पो आला तर कोणीतरी मागे घ्यायचे, आणि ते बहुधा मीच. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जायचे तरी आटोपशीर गाडी बरी. मोठ्या गाडीत उभे राहता येते हे खरे, पण आम्हाला उभे राहायचे नव्हते, पाय पसरून झोपायचे होते. शोरूममध्ये तुमचा प्रतिनिधी स्वतः बिछान्यावर आडवा होऊन दाखवत होता. त्या गाडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आमच्या दारात आलेली गाडी ती नव्हे.

सर्वांत आधी बॅटरी. कोटेशनमध्ये १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट असे स्वच्छ लिहिले आहे. सीटखालची फळी उचलली तर आत लेड-ॲसिड! कागदावर दोन्हींची साठवण १,२०० वॉट-तास. पण लेड-ॲसिड निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचे आयुष्य घटते, म्हणजे वापरायला ६०० च. शिवाय वजन दुपटीहून जास्त, आणि छोट्या गाडीत किलोकिलोचा हिशेब असतो. रात्री पंखा आणि फ्रीज दोन्ही चालू ठेवले की पहाटे फ्रीज बंद पडलेला असतो. त्यात माझ्या पत्नीचे इन्सुलिन असते. बुकिंगच्या वेळी हे आम्ही दोनदा सांगितले होते, तेव्हा प्रतिनिधीने मान डोलावली होती.

दुसरे, प्लायवूड. कबूल केले होते आयएस ७१० चे मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारे. एका पावसाळ्यात ओट्याखालच्या ड्रॉवरची कड फुगून पापडासारखी सुटली आहे. ड्रॉवर उघडायला उलथन्याने टोकरावे लागते. आतल्या कपबश्या तिथेच अडकून आहेत. बिजागऱ्यांचे स्क्रूही स्टेनलेस नाहीत, पांढऱ्या लॅमिनेटवर तांबूस ओघळ उतरले आहेत. फोनवर तुमच्या माणसाने "समुद्राजवळ गाडी लावू नका" असा सल्ला दिला. गाडी किनाऱ्याने फिरण्यासाठीच घेतली आहे, हे तुमच्याच ऑर्डर फॉर्मवर लिहिलेले आहे. पडदे आखूड आहेत, ते मी शिवून घेईन.

नोंदणीचे प्रकरण मात्र सर्वांत गंभीर. आरसी बुकावर गाडी अजून पूर्वीचीच प्रवासी गाडी आहे, आणि आत सीटच्या जागी बिछाना व ओटा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ अशा बदलांबाबतच आहे. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने याच मुद्द्यावर दावा अडवला, तर तुम्ही येणार आहात का? "आरटीओचे सगळे आम्ही पाहतो" म्हणून वेगळी रक्कम घेतलीत, ती पावतीत दिसते. कागद आजतागायत आलेला नाही.

तरी १५ दिवसांत बॅटरी व फर्निचर कोटेशनप्रमाणे बदलून द्यावे. गाडी नेण्या-आणण्याचा खर्च तुमचा. नोंदणीची पूर्तता करून कागद माझ्या हातात द्यावेत, ते शक्य नसेल तर गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. डिस्काउंट कूपन पाठवू नये, मागच्या वेळी पाठवलेले तसेच पडून आहे.

मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली रत्नागिरीच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. या कायद्याने ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे तारखांना तुम्हालाच इकडे यावे लागेल.

आपला,
(सही)
गुहागर, जि. रत्नागिरी

सोबत: कोटेशन, पावती व ऑर्डर फॉर्मच्या प्रती, बॅटरीवरील लेबल, ड्रॉवर व बिजागऱ्यांचे फोटो