थेंब बदलून मिळतात, पण मनाने बंद करू नका

संपादक महोदय,

दर मार्चमध्ये जागतिक काचबिंदू सप्ताह येतो आणि ‘थेंब चुकवू नका’ हे आवर्जून सांगितले जाते. त्या थेंबांनी पापण्यांचे काय होऊ शकते, हे मात्र क्वचितच कानावर येते. मग पापणी बिघडली की रुग्ण परस्पर बाटली बाजूला ठेवतो, डोळ्यातला दाब चढतो आणि गेलेली नजर परत येत नाही.

लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट हे रात्री एकदा घालायचे थेंब. त्यांनी पापण्यांचे केस लांब होतात, कातडी काळवंडते, डोळ्याभोवतीची चरबी झिजून वरच्या पापणीवर खोबण पडते. दुखत-खाजत नाही, म्हणून उशिरा कळते. थेंब एकाच डोळ्यात असतील तर आरसाच सांगतो. बायमॅटोप्रोस्टने खोबण अधिक पडते. (पापण्यांचे केस वाढवण्यासाठी तेच औषध अमेरिकेत २००८ साली मुद्दाम मंजूर झाले!) पापणी फार आवळली तर दाब मोजणेही अवघड जाते, तेव्हा ही नुसती दिसण्याची तक्रार नव्हे.

खाज, लाली, सूज, सोलवटलेली कड असेल तर संशय ब्रिमोनिडिन किंवा डोर्झोलामाइड या काचबिंदूच्या दुसऱ्या थेंबांवर घ्यावा. ब्रिमोनिडिनची ॲलर्जी कित्येक महिने सुरळीत गेल्यावरही उपटते. दोष मात्र साबणाला, काजळाला मिळतो. इथे कंपनी बदलून भागत नाही, कारण आत औषध तेच. टिमोलॉल या दाब उतरवणाऱ्या आणखी एका औषधासोबतच्या जोड-थेंबांतही ब्रिमोनिडिन असू शकते. कधी खरा दोषी बेंझाल्कोनियम हे संरक्षक द्रव्य असते. त्याविना थेंब मिळतात, महाग पडतात.

बदली म्हणून टिमोलॉल सुचवले तर दमा किंवा मंद नाडी असल्यास आधी सांगा. काहींना लेझर उपचार चालतो. बदलानंतर ४ ते ६ आठवड्यांनी दाब मोजून घ्याच. जुन्या थेंबांचा असर काही आठवडे रेंगाळतो आणि लवकर मोजलेला आकडा फसवतो. खोबण भरायला महिने लागतात, कधी ती पुरती भरत नाही.

घालताना एकच थेंब पुरे. तोही डोळ्यात पुरता मावत नाही, उरलेला पापणीवर ओघळतो. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबा, ओघळ स्वच्छ कापसाने टिपा. दुसरे औषध पाच मिनिटांनी. आणि तपासणीला जाताना सगळ्या बाटल्या खोक्यांसकट न्या.

– एक नेत्रतज्ज्ञ, सांगली