भाकिते चुकली, पुस्तके टिकली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील अभिजात विज्ञानकथांवरचा लेख वाचला. या जुन्या विज्ञानकथाकारांना एवढी जागा मिळाली याचा आनंद झाला, पण लेखाचा सूर खटकला. ज्यूल व्हर्नने पाणबुडी आधीच ‘पाहिली’, क्लार्कने उपग्रह ‘पाहिला’, अमक्याने तमके यंत्र. जणू हे सगळे ज्योतिषी होते आणि आपण त्यांनी मांडलेल्या कुंडल्या ताडून बघतो आहोत. चाळीसेक वर्षे ही पुस्तके वाचतो आहे, आणि माझी आवडती पुस्तके बहुतेक भाकितांच्या परीक्षेत नापास झालेली आहेत.

आधी दोन दुरुस्त्या. पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या दळणवळण उपग्रहांची कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकातील तांत्रिक लेखात मांडली होती. ती कथा नव्हती. आणि व्हर्नच्या कादंबरीतल्या कॅप्टन नेमोची पाणबुडी १८७० च्या सुमाराची, तर रॉबर्ट फुल्टनची पाणबुडी १८०० सालची. तिचेही नाव ‘नॉटिलस’च होते!

व्हर्नचीच ‘फ्रॉम द अर्थ टू द मून’ (१८६५) घ्या. फ्लोरिडातून उड्डाण, तीन प्रवासी, हे अपोलो चांद्रमोहिमेशी जुळले म्हणून टाळ्या पडतात. पण ही माणसे नऊशे फूट लांबीच्या तोफेतून डागली जातात. तेवढ्याशा नळीत पृथ्वीची ओढ तोडणारा वेग गाठायचा, तर आतल्यांना गुरुत्वाच्या वीस हजार पटींहून मोठा झटका बसेल. व्हर्नने गोळ्याच्या तळाशी पाण्याची गादी घातली आहे खरी, पण तिघांचा चेंदामेंदा ठरलेलाच. तरीही हे पुस्तक मला प्रिय आहे, ते त्यातल्या गन क्लबमुळे. अमेरिकेतले यादवी युद्ध संपलेले, कुणाचा हात गेलेला, कुणाचा पाय लाकडाचा, आणि ही मंडळी हळहळतात कशासाठी, तर शांतता झाली म्हणून. आता तोफा डागायच्या कुणावर? चंद्राची कल्पना त्या रिकामपणातून निघते. हा तिरकस विनोद लहानपणी मला मुळीच कळला नव्हता. तेव्हा सगळे लक्ष तोफेकडे.

एच. जी. वेल्सने गुरुत्वाला न जुमानणारा एक पदार्थ कल्पून माणसे चंद्रावर नेली, तेव्हा व्हर्नने कुरकुर केली होती की मी भौतिकशास्त्र वापरतो, हा गृहस्थ मनाने रचतो. खरे तर दोघांचेही प्रवासी पोचले नसते. वेल्सच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चे (१८९८) पहिले प्रकरण जरूर वाचा. मंगळवासीयांना निर्दय म्हणण्याआधी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे आपण काय केले ते आठवा, असे तो ब्रिटिश साम्राज्याच्या ऐन भरात आपल्याच वाचकांना सुनावतो. मंगळावरून कुणी आले नाही, म्हणून ते वाक्य बोथट झाले का?

सगळ्यात अन्याय होतो तो आयझॅक असिमॉव्हवर. कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की त्याचे यंत्रमानवांसाठीचे तीन नियम कुणीतरी तोडग्यासारखे पुढे करतो. आपल्या लेखातही तेच झाले आहे. हे नियम जिथे प्रथम शब्दबद्ध झाले, ती ‘रनअराउंड’ (१९४२) ही कथा वाचली असती तर असे झाले नसते. बुध ग्रहावर एका यंत्रमानवाला सेलेनियम आणायला धाडले आहे. हुकूम सहज, फारसा जोर न देता दिलेला, त्यामुळे आज्ञापालनाचा दुसरा नियम सौम्य. यंत्रमानव मात्र महागडा, म्हणून स्वसंरक्षणाचा तिसरा नियम मुद्दाम कडक केलेला. सेलेनियमजवळ धोका आहे. जवळ गेला की तिसरा नियम त्याला मागे ढकलतो, लांब गेला की दुसरा पुढे ओढतो. जिथे दोन्ही सारखे होतात तिथे तो बिचारा दारू प्यायल्यासारखा गाणी म्हणत गोल गोल फिरत राहतो. शेवटी एका माणसाला स्वतःचाच जीव धोक्यात घालावा लागतो, तेव्हा कुठे माणसाला इजा होऊ न देण्याचा पहिला नियम जागा होतो. म्हणजे नियम जन्मले तेच अडकून पडण्याच्या गोष्टीत. पुढच्याही कितीतरी कथा त्यांतल्या फटींवरच उभ्या आहेत. (त्याच्या ‘फाउंडेशन’ कादंबऱ्यांमध्ये हजारो वर्षांनंतरचे पुढारीसुद्धा सिगार ओढतात. मी ते हसून सोडून देतो आणि पुन्हा वाचतो.)

‘रोबो’ या शब्दाचीही गंमत आहे. कॅरेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून तो जगभर गेला, सुचवला होता त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेतल्या ‘रोबोटा’चा अर्थ वेठ. चापेकचे रोबो लोखंडाचे नाहीतच. ते कारखान्यात घडवलेल्या मांसामज्जेचे आहेत आणि वेठीला जुंपलेले आहेत. आपण ‘यंत्रमानव’ म्हणतो, त्यात यंत्र आले, मानव आला, वेठ तेवढी गळाली. नेमका शब्द मराठीत असताना!

एका ठिकाणी मात्र मला माघार घ्यावी लागते. ई. एम. फॉर्स्टरच्या ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९) या कथेत माणसे जमिनीखाली एकेकट्या खोल्यांत राहतात आणि हातातल्या गोल तबकडीत एकमेकांचे चेहरे बघून बोलतात. मुलगा आईला म्हणतो, यंत्रातून नको, समोर ये. आईला प्रवासाचाच वैताग. इथे भाकीत खरे ठरले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कथा वाचल्यावर मनात राहते ती तबकडी नव्हे, आईचा तो वैताग.

लेखिका उर्सुला ले ग्विनने तर ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ला (१९६९) नंतर जोडलेल्या प्रस्तावनेत साफच म्हटले आहे की विज्ञानकथा भविष्य सांगत नाही, आहे त्याचे वर्णन करते. त्या कादंबरीतली माणसे एरवी ना स्त्री ना पुरुष. महिन्यातले काही दिवसच ती यांपैकी काहीतरी एक होतात. इंग्रजीत तिने सर्वांना ‘तो’ म्हणून भागवले आणि त्यावरून बोलणीही खाल्ली. मराठीत ही पळवाटही अपुरी, कारण आपल्याकडे क्रियापदसुद्धा लिंग विचारते. बर्फावरून शेकडो मैल गाडी ओढत नेणारा त्यातला एस्त्रावेन दमून बसला, बसली की बसले? तीन संध्याकाळी मी एका पानाशी झटापट केली आणि वही मिटून ठेवली. पुरवणीत भाकितांच्या आणखी एका यादीऐवजी हे एक पान अनुवादासाठी वाचकांपुढे ठेवता येईल का? माझा फसलेला मसुदा पाठवायला मी तयार आहे.

आपला,
एक जुना वाचक